खरं बोलण्याचा तास

आमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात आंतरिक शांतीला श्रेणी असते. अ, ब किंवा क. गणित, विज्ञान वगैरे संपलं की पानाच्या तळाशी एक चौकट येते आणि तिच्यात पाच ओळी: सत्यवादिता, सहकार्य, करुणा, शिस्त आणि आंतरिक शांती. समोरचे रकाने नैतिक शिक्षणाच्या बाईंनी भरायचे. सहावी-सातवीसाठी त्या बाई म्हणजे मी.

इथल्या मराठी मंडळाच्या काकूंनी मंडळाच्या या अंकासाठी मला विषय दिला, मुलांच्या आध्यात्मिक आणि व्यक्तिमत्त्वाच्या विकासात शिक्षकाचा वाटा. मी म्हटलं, काकू, मला शिकवायला लागून सहाच वर्षं झालीत, आणि आमच्या घरात अध्यात्म हा शब्द शिवीसारखा उच्चारला जायचा. "म्हणून तर तुला सांगतेय," त्या म्हणाल्या. "बाकीचे सगळे तेच ते लिहितात." त्यांना माझ्याकडून काहीतरी खणखणीत हवं असणार. दीड वर्षापूर्वी मी दिलंही असतं. आता माझ्याकडे खणखणीत असं काही उरलेलं नाही. जे झालं ते सांगते.

आमच्या घरी पुस्तकांच्या आधी पर्चे, म्हणजे वाटायची पत्रकं, आली. बाबा इथल्या कारखान्यात फिटर होते आणि युनियनचे पर्चे तेच लिहायचे. कोऱ्या कागदाचा आणि शाईचा वास ही माझी बालपणाची पहिली आठवण. आठ वर्षांची असताना मी पर्च्यांच्या घड्या घालायचे आणि घालता घालता वाचायचे. पर्च्यात जागा एका पानाची असते. त्यामुळे त्यात दोनच बाजू मावतात, आणि आपण कुठल्या बाजूचे हे शेवटच्या ओळीपर्यंत पक्कं झालेलं असतं. मी शिक्षिका झाले तीसुद्धा पर्चे वाटायला निघाल्यासारखीच.

नैतिक शिक्षणाचा तास कसा चालतो हे बाहेरच्यांना माहीत नसतं. आठवड्याला दोन तास, बहुधा शेवटचे. एक रंगीत पुस्तक असतं. त्यातल्या प्रत्येक धड्यात कुणीतरी खोटं बोलतं, पस्तावतं आणि खालच्या चित्रापर्यंत सुधारतं. माझ्या आधीच्या बाई मुलांना डोळे मिटायला लावून मोबाइलवर बासरी वाजवायच्या. निम्मी मुलं झोपायची. मी पहिल्याच आठवड्यात बासरी बंद केली. शेजारच्या वर्गावर संस्कृत शिकवणाऱ्या सरवटेबाई, मूळच्या इंदूरच्या, निवृत्तीला आलेल्या, मला म्हणाल्या, "अगं, झोपली तर झोपू दे. सातव्या तासाला तेवढीच आंतरिक शांती मिळते त्यांना."

श्रेण्यांचं म्हणाल तर मी त्या प्रामाणिकपणे द्यायचे, आणि त्यातून पहिलं भांडण उभं राहिलं. महाराणा प्रताप नगरात कोचिंग क्लास चालवणारे एक वडील प्रगतिपुस्तक नाचवत आले. मुलाला आंतरिक शांतीत ब का? "घर में तो ये एकदम शांत रहता है मैडम," ते ओरडले. "मैं बोलना शुरू करूँ तो चूँ नहीं करता." मुलगा शेजारीच उभा होता आणि खरोखरच चूँ करत नव्हता. मी ब बदलला नाही, आणि तत्त्वाला धरून राहिल्याचं समाधान घेऊन घरी गेले. त्या मुलाला एकट्याला बाजूला घेऊन बोलायला हवं होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तोवर तो शाळा सोडून गेला होता.

या भांडणानंतर आमच्या प्राचार्यांनी नियम काढला. त्यांना सगळे बड़ी मैडम म्हणतात. नियम असा की यापुढे श्रेणीसोबत एका ओळीत प्रसंग लिहायचा. सत्यवादितेत अ दिला, तर मूल केव्हा आणि काय खरं बोललं ते लिहा. म्हणजे पालकांशी वाद नको. मला नियम आवडला. पुरावा मागणारा नियम मला नेहमीच आवडतो.

दरम्यान मी पुस्तक बाजूला ठेवून स्वतःची पद्धत सुरू केली होती. शुक्रवारच्या तासाला बाकं भिंतीला लावायची आणि सगळ्यांनी जमिनीवर गोल बसायचं. पाच मिनिटं गप्प. मग ज्याला वाटेल त्याने सांगायला अवघड अशी एक खरी गोष्ट सांगायची. हसायचं नाही, शिक्षा नाही, आणि इथलं बोलणं खोलीबाहेर न्यायचं नाही. माझी पाळीही असायची.

पहिले तीन शुक्रवार मुलं पालींना घाबरतो, पालकाची भाजी आवडत नाही, असलंच सांगत होती. चौथ्या शुक्रवारी एक मुलगा म्हणाला की घरी नवी बहीण आलीये आणि ती परत जावी असं त्याला वाटतं. कुणी हसलं नाही. मग एकीने सांगितलं की ती रोज देवापुढे बसते पण आत काहीच होत नाही, आणि आईला वाटतं की होतं. माझ्या पाळीला मी सांगितलं की मी देव मानत नाही, पण आईचं ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर बसून मी हात जोडले होते. हे मी बाबांनाही सांगितलेलं नाही. मुलं जराशी जवळ सरकून बसली. अध्यात्म म्हणतात ते हे असेल, तर मला ते मान्य होतं.

सरवटेबाईंनी दारातून एकदा पाहिलं आणि नंतर स्टाफरूममध्ये विचारलं, "मुलांकडून खरं बोलवून घेतेस, चांगलं आहे. पण ऐकून झाल्यावर तू काय करणार, ते ठरवलंयस का?"

"ऐकणं हेच करणं आहे," मी म्हणाले. हे वाक्य मला तेव्हा फार चांगलं वाटलं होतं.

मुस्कान सहावीत होती. घट्ट दोन वेण्या, गणितात हुशार, बोलायला कमी. मी सकाळी यायचे तेव्हा ती फाटकाशी आलेली असायची. एवढ्या लवकर का येते, असा प्रश्न मला कधी पडला नाही. हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी, सगळ्यांचं सांगून झाल्यावर, तिने हात वर केला.

"मैम, हमारा घर कोटरा में नहीं है. करोंद में है. मम्मी ने बोला है किसी को बताना मत."

यातलं अवघड काय ते सांगायला हवं. आमची शाळा कोटरा सुल्तानाबादेत आहे, खासगी आहे. कायद्याने अशा शाळेत गरीब घरांतल्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात. अर्ज जास्त, जागा कमी, म्हणून सोडत निघते, आणि सोडतीत पहिला हक्क शाळेच्या आसपास राहणाऱ्यांचा. मुस्कान अशाच जागेवर पहिलीत आली होती. करोंद शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून तिचा नंबर लागला नसता. तिची आई शारदा कोटऱ्यात चार घरी स्वयंपाक करते. त्यातल्या एका घरामागच्या खोलीचा पत्ता अर्जावर लिहिला होता.

हे सगळं मला माहीत होतं. कायदा मला पाठ आहे. तो यावा म्हणून निघालेल्या पर्च्यांच्या घड्या मी घातल्या आहेत. तरीही त्या वेळी यातलं काहीच माझ्या डोक्यात आलं नाही. अकरा वर्षांची, न बोलणारी मुलगी वीस जणांसमोर बोलली, एवढंच मला दिसलं. ती काय बोलली ते मी ऐकलंच नाही. मी तिला शाबास म्हटलं.

आणि वर्षअखेरीस प्रगतिपुस्तकं भरताना मी तिला सत्यवादितेत अ दिला. प्रसंगाच्या ओळीत लिहिलं, 'स्वतःच्या घराविषयीचे अवघड सत्य वर्गासमोर निर्भयपणे सांगितले.' नाव नाही, गाव नाही, मग गुपित कुठे फुटलं, असं मी स्वतःला समजावलं असेन. खरं तर तेवढंही समजावलं नाही. वाक्य छान झालं होतं.

प्रगतिपुस्तकं सहीसाठी बड़ी मैडमकडे जातात. त्या प्रत्येक ओळ वाचतात. दुसऱ्याच दिवशी बोलावणं आलं.

"ये घर के बारे में क्या सत्य है?"

मी टेबलावरचा प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा सरळ करू लागले.

"राखीव सीट की बच्ची है," त्या म्हणाल्या. "घर के बारे में कुछ है तो मुझे पता होना चाहिए. कल को कोई पूछेगा तो मैं क्या बोलूँगी?"

"मॅडम, ते वर्गातलं बोलणं होतं. बाहेर न्यायचं नाही असं ठरलं होतं."

"तो फिर लिखा क्यूँ?"

त्यांनी खणातून गृहभेटीचा फॉर्म काढला. वर्गशिक्षिकेने घरी जाऊन पाहायचं, मूल दिलेल्या पत्त्यावर राहतं की नाही ते लिहून सही करायची. सहावीची वर्गशिक्षिका मीच. "जाके देख आइए," त्या म्हणाल्या. "जो दिखे सो लिखिए." मग त्या एक क्षण थांबल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "जो दिखे." त्या मला काही सुचवत होत्या की बजावत होत्या, याचा मी आजही विचार करते.

दुपारी मी त्या पत्त्यावर गेले. घरामागच्या खोलीला कुलूप होतं. खिडकीतून रिकामे सिलिंडर, मोडका कूलर आणि रंगाचे डबे दिसत होते. मालकीणबाई माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "यहीं रहते हैं, काम पे गई होगी." त्यांच्या मागे स्वयंपाकघरात पोळ्या लाटण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला आणि शारदा हात पुसत बाहेर आली.

"रहने दो भाभी," ती म्हणाली. "मैडम को सब मालूम है. मुस्कान ने ही बताया." आणि मला म्हणाली, "घर देखना है ना? चलो, घर दिखाती हूँ."

आतून मुस्कान दप्तर घेऊन आली आणि आम्ही तिघी बसने निघालो. मुस्कान खिडकीशी बसली. रोज सकाळी ती आईबरोबरच लवकर येते, शाळा सुटल्यावर त्याच स्वयंपाकघरात बसून अभ्यास करते आणि आईबरोबर घरी जाते, हे मला त्या बसमध्ये कळलं. एक बस बदलावी लागली. करोंदला उतरून बरंच चालायचं होतं. एक खोली, पत्र्याचं छप्पर, आणि भिंतीवरच्या फळीवर वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली सहावीची सगळी पुस्तकं, उंचीप्रमाणे लावलेली. शारदाने चहा ठेवला आणि आलं ठेचू लागली.

"मी तुम्हाला काही बोलायला आले नाही," मी हिंदीत म्हणाले.

"बोलना तो पड़ेगा मैडम. कागज़ तो आपके हाथ में है."

मी शोधून शोधून म्हटलं की मुस्कान खरं बोलली, त्यात तिची चूक नाही, तिला रागावू नका.

"रागावूँगी काय को?" ती म्हणाली. घरोघरच्या मराठी बायकांकडे काम करून तिच्या बोलण्यात असे शब्द येतात. "सच बोलना तो हम भी सिखाते हैं. किसके सामने बोलना है, वो भी सिखाते हैं. आपने आधा ही सिखाया."

दाराशी बसलेली मुस्कान वर न बघता म्हणाली, "मैम ने बोला था बात बाहर नहीं जाएगी."

"चुप," शारदा म्हणाली. "मैडम हैं." आणि माझ्यासमोर चहा ठेवला.

तो चहा मी प्यायले. चव अजून आठवते, आल्याची, घशाला लागणारी. मी फळीवरची पुस्तकं बघत बसले. निघताना शारदा बस थांब्यापर्यंत आली. तिने विनंती केली नाही. केली असती तर माझं सोपं झालं असतं.

रविवारी बाबांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "यात विचार कसला करतेस? गरिबाच्या बाजूने उभं राहायचं."

"बाबा, ती जागाही गरिबाचीच आहे. मुस्कान आली म्हणून कोटऱ्यातल्याच कुणा मुलाची चिठ्ठी निघाली नाही. तोही असाच कुणाचा तरी असणार."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "मग जागा वाढवा म्हणून लढायला पाहिजे," ते म्हणाले.

"लढू. पण फॉर्म उद्या द्यायचाय."

"उद्याचं..." ते म्हणाले आणि थांबले. मी त्यांना असं थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं. आतून आईने विचारलं की वरण वाढू का, आणि आम्ही दोघंही घाईघाईने हो म्हणालो.

ज्या मुलाची चिठ्ठी निघाली नाही, त्याच्याबद्दल मी त्या रात्रीही आणि नंतरही पुष्कळ विचार केला. त्याचं नाव मला माहीत नाही. त्याच्या घरी मी चहा प्यायलेला नाही. कदाचित सगळं एवढ्यावरच ठरलं, आणि हे फार वाईट कारण आहे, हे मला कळतं. सोमवारी मी फॉर्मवर लिहिलं, 'विद्यार्थिनी दिलेल्या पत्त्यावर राहते.' खाली सही केली. बड़ी मैडमनी माझ्याकडे न बघता शिक्का मारला.

"वो रिपोर्ट कार्ड का पन्ना भी बदल दीजिए," त्या म्हणाल्या. "कोई और प्रसंग लिखिए."

मी नवं पान घेतलं. सत्यवादिता, अ. प्रसंग: 'मैदानावर सापडलेली पाण्याची बाटली कार्यालयात जमा केली.' अशी कुठलीच बाटली सापडलेली नव्हती. सरवटेबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग माझा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. "बरं केलंस," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, "बरं केलंस की नाही, मला विचारू नकोस."

नवं वर्ष सुरू झालं, मुस्कान सातवीत गेली. तिचा वर्गही माझ्याकडेच आला. शुक्रवारचा गोलही चालू आहे. बंद करावा असं मला पुष्कळदा वाटलं. पण त्या बहीण नकोशा झालेल्या मुलाने परवा सांगितलं की बहीण आता त्याचं बोट धरते, आणि हे सांगताना तो रडला. हे बंद कसं करू? मुस्कानही बोलते. तिला विजांची भीती वाटते, तिला भूगोल आवडत नाही. तिच्या गोष्टी खऱ्याच असतात. फक्त आता ती त्या आधी निवडून आणते. मीही तेच करते. माझ्या पाळीला मी गेल्या वर्षी कुणाची तरी छत्री परत करायची विसरले, असलं काहीबाही सांगते. मुलं ऐकून घेतात. मला वाटतं, त्यांना फरक कळतो.

पावसाळ्यानंतर शिक्षण विभागाचे एक सर तपासणीला आले. दरवर्षी कुणी ना कुणी येतं, राखीव जागांवरच्या मुलांना एकेक करून कार्यालयात बोलावून दोन प्रश्न विचारतं आणि टिक करतं. वर्गशिक्षिकेने शेजारी उभं राहायचं असतं. त्यांच्यापुढे माझा फॉर्म होता, माझ्या सहीसकट. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मुस्कानची शाळा जाणार आणि माझी नोकरी.

"कहाँ रहती हो बेटा?"

मुस्कानने पत्ता सांगितला. गल्ली, पाण्याची टाकी, पिनकोड. आवाज सरळ, नजर सरळ.

सरांनी टिक केली. पान उलटता उलटता, सहज म्हणून त्यांनी विचारलं, "ये मैडम कभी घर आई हैं तुम्हारे?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"हओ सर," मुस्कान माझ्या आधी म्हणाली. "चाय भी पी थी. अदरक वाली. मम्मी ने बनाई थी."

सर हसले. "आजकल कौन टीचर घर जाता है," ते बड़ी मैडमना म्हणाले, आणि मला म्हणाले, "बहुत अच्छा." मी हात जोडले. मी तिला वाचवायला निघाले होते, आणि कार्यालयात उभं राहून ती मला वाचवत होती, तेही खऱ्या चहाने.

शाळा सुटल्यावर ती वर्गाच्या दारात थांबली. बाकीची मुलं गेली होती. "मैम," तिने विचारलं, "ठीक बोला ना?"

सहा वर्षांत मुलांनी मला पुष्कळ विचारलंय. देव आहे का, मेल्यावर काय होतं, वडील आईला मारतात ते चूक की बरोबर. प्रत्येक वेळी मी काहीतरी उत्तर दिलं आहे. या वेळी मी तिच्या वेण्यांकडे बघत राहिले. सुटलेली रिबिन बांधून दिली. तिच्याशी तरी खरं बोलावं असं फार वाटलं, पण त्यातलं खरं काय ते सापडेना.

"जा," मी म्हणाले, "मम्मी वाट बघत असेल. करोंदची बस चुकेल."

ती दचकली. झटकन वळून तिने आधी व्हरांड्याच्या या टोकाला पाहिलं, मग त्या टोकाला. कुणी नव्हतं. मग माझ्याकडे बघून, मोठ्या माणसाने लहानाला दटावावं तसं, तिने ओठांवर बोट ठेवलं.